स्वस्तातले स्मार्ट सेन्सर सारखे ऑफलाइन जातायत? नवे घेण्याआधी या क्रमाने तपासा

आधी लक्षणं. दाराचा सेन्सर चार दिवस नीट चालतो आणि मग ॲपमध्ये करडा पडतो. काढून पुन्हा जोडला की परत चार दिवस सुरळीत. दार घट्ट बंद असताना ॲप ‘उघडं’ म्हणतं. तापमानाचा आकडा सकाळपासून हललेला नसतो. हालचाल ओळखणारा सेन्सर दिवा लावतो, पण माणूस खोलीतून बाहेर पडल्यावर. बॅटरी ७० टक्के दिसते आणि सेन्सर मात्र गप्प. वीज जाऊन आली की निम्मे सेन्सर परत येत नाहीत. किंवा एकाच खोलीतले सगळे एकदम गायब होतात आणि बाकीचं घर ठणठणीत असतं.

यातलं काहीही होत असेल तरी लगेच नवा सेन्सर मागवू नका. स्वतःच्या आणि ओळखीच्यांच्या घरी हाच बिघाड मी वारंवार काढला आहे. बहुतेक वेळा सेन्सर चांगला निघतो आणि दोष सापडतो तो सेन्सर ते हब (सगळ्या सेन्सरचे संदेश गोळा करणारं मुख्य उपकरण) या वाटेत. वाट तशीच ठेवून महागातला सेन्सर आणला तरी तोही तिथे तसाच पडतो.

सगळ्यात आधी: कोण गेलंय ते लिहून काढा

याला खर्च नाही आणि हत्यारही लागत नाही. एक दिवस, शक्य असेल तर दोन दिवस, कोणता सेन्सर किती वाजता गेला ते लिहा. पुढची सगळी तपासणी या कागदावर ठरते. एकच सेन्सर जात असेल तर सेल, बसवण्याची जागा किंवा तो सेन्सर स्वतः यांच्याकडे बघायचं. एका खोलीतले किंवा एका दिशेचे सगळे जात असतील तर मधे सिग्नल पुढे नेणारं काहीतरी बंद होतंय. सगळं घर एकदम जात असेल तर हब, राउटर नाहीतर कंपनीचा सर्व्हर. हे न बघता एकेक सेन्सर काढून जोडत बसलात तर दिवस जातो आणि मूळ दोष तिथेच राहतो.

ॲपमधलं ‘ऑनलाइन’ आणि ‘ऑफलाइन’ ताज्या स्थितीचं नसतं, हेही लक्षात असू द्या. सेलवर चालणारा सेन्सर जवळजवळ सगळा वेळ झोपलेला असतो आणि काही घडलं तरच बोलतो. एरवी मधूनमधून हजेरी लावतो. झिग्बी या कमी विजेवर चालणाऱ्या बिनतारी पद्धतीचे सेन्सर सांभाळणारं झिग्बी-टू-एमक्यूटीटी हे सॉफ्टवेअर असा सेन्सर २५ तास काहीच बोलला नाही तर मग त्याला ऑफलाइन धरतं. होम असिस्टंट या स्मार्ट घर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला झेडएचए हा झिग्बीचा भाग ६ तासांनी धरतो. म्हणजे करडा दिसला त्या क्षणी काय घडलं हे शोधण्यात अर्थ नाही. बिघाड कित्येक तास आधीचा असू शकतो. शंका आली की सेन्सरला जागं करा: दार उघडा, तापमानाच्या सेन्सरवर फुंकर मारा किंवा त्याचं बटण एकदाच हलकं दाबा. बटण दाबून धरू नका, बऱ्याच सेन्सरमध्ये त्याने जोडणीच पुसली जाते. जागा होऊन लगेच आकडा आला तर तो सेन्सर जिवंत आहे आणि त्याची वाटही निदान आत्ता तरी मोकळी आहे.

सेल

ॲपमधल्या टक्क्यांवर विश्वास ठेवू नका. सीआर २०३२ सारख्या लिथियम बटण सेलचा व्होल्टेज आयुष्यभर जवळपास सपाट राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. त्यामुळे व्होल्टेजवरून काढलेली टक्केवारी हा अंदाजच असतो. शिवाय झोपेत सेन्सरला काही मायक्रोॲम्पिअर पुरतात, पण संदेश पाठवताना क्षणभर त्याच्या हजारो पट प्रवाह लागतो. जुन्या किंवा गार पडलेल्या सेलला तेवढा प्रवाह देता येत नाही. त्या क्षणी व्होल्टेज खाली बसतो, चिप रीसेट होते आणि संदेश जातच नाही. नंतर मल्टिमीटर लावला की सेल चांगला वाटतो, कारण मीटर त्याच्यावर भार टाकत नाही. नवा सीआर २०३२ मोकळा मोजला तर ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. मोकळा मोजूनही २.८ च्या खाली असेल तर तो बदलाच. मीटर नसेल तर सरळ चांगल्या कंपनीचा नवा सेल घालून बघा. सेन्सरसोबत आलेला सेल कारखान्यापासून किती दिवस पडून होता, याचा काही भरवसा नसतो.

सेल बदलताना आत नीट बघा. ओढून काढायची प्लास्टिकची पट्टी तुटून तिचा तुकडा आतच राहिलेला असतो. पत्र्याची स्प्रिंग दबून सपाट झालेली असते. चिमट्याने ती हलकेच वर उचलली की काम होतं. काही बटण सेलवर मुलांनी तोंडात घालू नयेत म्हणून कडू लेप दिलेला असतो. पातळ स्प्रिंगच्या सेन्सरमध्ये त्या लेपामुळे संपर्क अर्धवट होतो. मग कोरा सेल घालूनही सेन्सर कधी चालतो, कधी नाही, आणि आपण उगाच नेटवर्कला दोष देत बसतो. अशा वेळी बिनलेपाचा सेल घाला. मात्र घरात लहान मूल असेल तर झाकण स्क्रूने बंद होणाऱ्या सेन्सरमध्येच तो घाला. गिळलेला बटण सेल दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो. तशी नुसती शंका आली तरी वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

चार्ज होणारे एलआयआर २०३२ आकाराने अगदी तसेच असतात, पण पूर्ण चार्ज झाल्यावर ते ४.२ व्होल्टपर्यंत जातात. ३ व्होल्टसाठी बनवलेल्या सेन्सरची चिप त्यात जळू शकते. ट्रिपल-ए सेलच्या सेन्सरमध्ये चार्ज होणारे घातले तर ते १.२ व्होल्टचे असल्यामुळे बॅटरी पहिल्या दिवसापासून कमी दिसेल. ते बिघाडाचं लक्षण नाही.

बसवण्याची जागा

दार बंद असताना ‘उघडं’ दिसत असेल तर लोहचुंबक आणि सेन्सर यांच्यामधलं अंतर बघा. साधारण १ ते २ सेंटिमीटरची मर्यादा असते आणि दोन्हींवरच्या खुणा समोरासमोर यायला हव्यात. दार फुगलं, बिजागरी सैल झाली किंवा चिकटपट्टी उन्हाने घसरली की ही मर्यादा ओलांडली जाते. लोखंडी दारावर चुंबकाची शक्ती पत्र्यात वाटली जाते आणि वर सिग्नलही अडतो. तिथे दोन्ही भागांखाली प्लास्टिकचा छोटा ठोकळा चिकटवला की बराच फरक पडतो.

हालचालीचा सेन्सर उशिरा जागा होत असेल तर त्याची दिशा बदला. हे सेन्सर शरीराची उष्णता एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकली की ओळखतात. म्हणून समोरून चालत येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा माणूस त्यांना लवकर कळतो. दाराकडे तोंड करून न लावता दाराच्या बाजूच्या भिंतीवर लावा. खोलीचं तापमान शरीराच्या तापमानाजवळ गेलं की त्यांचा पल्ला कमी होतो. कडक उन्हाळ्यातली ही तक्रार बहुतेक खरी असते आणि त्यावर सेटिंगमध्ये उपाय नाही. शिवाय सेल वाचवण्यासाठी स्वस्त सेन्सर एकदा हालचाल कळवल्यावर मिनिटभर किंवा त्याहून जास्त काळ डोळे मिटून बसतात. हा आकडा काही मॉडेलमध्ये बदलता येतो, काहींत नाही.

फ्रिजच्या मागे, मोठ्या आरशाच्या आड किंवा पाण्याच्या टाकीला टेकून बसवलेल्या सेन्सरचा संपर्क निव्वळ जागेमुळे तुटतो. पडताळायला त्याला दोन दिवस हबच्या खोलीत ठेवा. तिथे टिकला तर सेन्सर निर्दोष आहे.

भिंतीवरचं बटण

सगळ्यात जास्त घरांत मला दोष इथे सापडला आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

झिग्बी आणि थ्रेड (तशीच दुसरी बिनतारी पद्धत) यांमध्ये सतत विजेवर असलेली बरीचशी उपकरणं, म्हणजे प्लग, बल्ब, भिंतीतले स्विच, दुसऱ्यांचे संदेश पुढे पोचवतात. सेलवरचे सेन्सर हे काम करत नाहीत. शेजारचं असं एखादं उपकरण ते आपला ‘पालक’ म्हणून निवडतात आणि फक्त त्याच्याशीच बोलतात. आता बेडरूममधल्या दाराच्या सेन्सरने पॅसेजमधला स्मार्ट बल्ब पालक धरला आहे. रात्री कोणीतरी सवयीने भिंतीवरचं बटण बंद करतं. बल्बची वीज गेली आणि वाटही गेली. सेन्सर बोलतो, पण ऐकणारं कोणी नाही. चांगल्या बांधणीचे सेन्सर थोड्या वेळात दुसरा पालक शोधतात. काही स्वस्त आणि जुनी मॉडेल्स जुन्याच पालकाला चिकटून राहतात आणि हाताने पुन्हा जोडल्याशिवाय परत येत नाहीत. ‘चार दिवस चालतो, मग जातो’ याचं सगळ्यात नेहमीचं कारण हे. चार दिवसांनी काय होतं? कोणीतरी ते बटण दाबतं.

तुमच्या कागदावर एका खोलीचे सेन्सर रात्री ठराविक वेळेच्या पुढेमागे गेलेले दिसत असतील तर आणखी काही तपासू नका, आधी हे मिटवा. ज्या बल्बचं बटण लोक वापरतात तो बल्ब सिग्नलच्या वाटेत नको. त्या बटणाच्या जागी सेलवर चालणारा स्मार्ट स्विच लावा आणि मूळ बटणावर झाकण बसवा. किंवा त्या बाजूला एक साधा झिग्बी प्लग कायमचा चालू ठेवा. माझा कल दुसऱ्या उपायाकडे आहे. प्लग स्वस्त असतो, घरच्यांच्या सवयी बदलाव्या लागत नाहीत आणि वाट पक्की होते. तो हब आणि त्या खोलीच्या साधारण मध्यावर लावा. अगदी सेन्सरशेजारी लावला तर त्याचाच हबपर्यंतचा सिग्नल कमजोर पडेल. लावल्यानंतर एक रात्र जाऊ द्या, वाटा नव्याने जुळायला वेळ लागतो. पालकाला चिकटलेला सेन्सर मात्र त्यानंतर पुन्हा जोडावा लागेल.

हब किंवा डाँगलची जागा

संगणकात किंवा छोट्या संगणक-बोर्डात यूएसबी डाँगल (झिग्बीचा रेडिओ असलेली छोटी काडी) खोचून झिग्बी चालवत असाल तर हे आजच बघा. यूएसबी ३ चे पोर्ट आणि केबल २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास रेडिओ गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्ये याच विषयावर श्वेतपत्रिका काढली होती. झिग्बी नेमकं तिथेच बोलतं. डाँगल थेट पोर्टमध्ये असेल आणि शेजारी यूएसबी ३ ची हार्ड डिस्क असेल, तर हबला लांबचे सेन्सर ऐकूच येत नाहीत. मीटरभर लांबीची यूएसबी २ एक्स्टेन्शन केबल घ्या, डाँगल डब्यापासून दूर मोकळ्यावर आणा आणि पोर्टही यूएसबी २ चा वापरा. या एका केबलने मी अख्खी घरं सुरळीत झालेली पाहिली आहेत.

तयार हब असेल तर तो वाय-फाय राउटरवर ठेवू नका, मधे निदान एक-दोन मीटर जागा सोडा. धातूच्या कपाटात किंवा टीव्हीच्या मागेही नको.

वाय-फायवरचे सेन्सर

स्वस्त वाय-फाय उपकरणं बहुतेक फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात. राउटरने दोन्ही बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ) एकाच नावाखाली ठेवून उपकरणांना ५ कडे ढकलायला सुरुवात केली की ती अडखळतात. २.४ ला वेगळं नाव द्या. राउटरमधली वाय-फाय सुरक्षेची पद्धत फक्त डब्ल्यूपीए ३ वर असेल तर डब्ल्यूपीए २ करा, जुन्या चिपना ३ कळत नाही. चॅनेल ‘ऑटो’वर न ठेवता १, ६ किंवा ११ यांपैकी एक पक्का करा, रुंदी २० मेगाहर्ट्‌झ. ऑटोवर राउटर स्वतःहून चॅनेल बदलतो आणि काही सेन्सर त्याच्या मागे जात नाहीत. पाहुण्यांच्या नेटवर्कवर उपकरणं ठेवली असतील तर तिथे ती एकमेकांना दिसतात का, हेही बघा.

वीज गेल्यावर न परतणाऱ्यांचं कारण बहुधा क्रम असतो. राउटर उठायला काही मिनिटं घेतो, तोवर प्लग आणि सेन्सर थोडे प्रयत्न करून थकलेले असतात. आधी राउटर, मग हब, मग बाकीचं, असं चालू करा. वीज वारंवार जात असेल तर राउटर आणि हबला छोटा यूपीएस लावा.

इंटरनेटची तार काढून बघा

सगळं घर एकदम जात असेल तर राउटर चालू ठेवून फक्त बाहेरून येणारी इंटरनेटची तार काढा आणि दार उघडून बघा. आकडा बदलला, दिवा लागला तर यंत्रणा घरातल्या घरात चालते आणि दोष तुमच्याकडेच शोधायचा आहे. सगळं थंड पडलं तर तुमचे सेन्सर कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून आहेत, आणि तो अडकला की तुमच्या हातात काही नसतं. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टीऑन या स्मार्ट-होम कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचनेशिवाय बंद पडले आणि लोकांच्या घरातले हब रातोरात ॲपसाठी निरुपयोगी झाले. त्यांची उपकरणं तोवर उत्तम चालत होती.

चॅनेल

इथवर येऊनही त्रास असेल तरच याला हात लावा. झिग्बीचे चॅनेल ११ ते २६ आहेत आणि वाय-फायचे १, ६ व ११ हे चॅनेल त्यातले बरेचसे झाकून टाकतात. १५, २० आणि २५ हे फटीत बसतात. २६ सगळ्यात मोकळा असतो, पण काही उपकरणं त्यावर कमी ताकदीने बोलतात किंवा जोडलीच जात नाहीत, म्हणून मी २५ घेतो. मात्र झिग्बीचा चॅनेल बदलला की सेलवरचे बरेच सेन्सर पुन्हा जोडावे लागतात. त्यापेक्षा आधी वाय-फायचा चॅनेल हलवून बघा, त्यात झिग्बीचे सेन्सर पुन्हा जोडावे लागत नाहीत.

पुन्हा जोडणी शेवटी का

लोक सुरुवात इथून करतात. जोडताना सेन्सर नवा पालक शोधतो, म्हणून चार दिवस बरं वाटतं आणि खरं कारण झाकलं जातं. वरचं सगळं झाल्यावर जोडायचं असेल तर सेन्सर हबजवळ न नेता तो जिथे राहणार आहे तिथेच जोडा, म्हणजे तो तिथला पालक धरेल. झेडएचए किंवा झिग्बी-टू-एमक्यूटीटीमध्ये आधी डिलीट करू नका. तसाच पुन्हा जोडला की नाव आणि ऑटोमेशन (आपोआप चालण्यासाठी लावलेले नियम) टिकतात. कंपनीच्या बऱ्याच ॲपमध्ये डिलीट केलं की ऑटोमेशनही जातं.

बदलायचाच असेल तर

हबच्या खोलीत, नव्या सेलवर, शेजारी प्लग असूनही सेन्सर तुटत असेल तर तो खरंच खराब आहे. नवा घेताना सेन्सरच्या किमतीपेक्षा तो कशावर बोलतो हे आधी बघा. दार-खिडक्यांसाठी सेलवरचा वाय-फाय सेन्सर मी सुचवत नाही. प्रत्येक वेळी वाय-फायला नव्याने जोडून घेण्यात त्याचे सेल लवकर संपतात. झिग्बी किंवा थ्रेडचा घ्या. सीआर २०३२ पेक्षा सीआर २४५० किंवा ट्रिपल-ए वर चालणारा जास्त टिकतो. झेड-वेव्ह (आणखी एक बिनतारी पद्धत) घेत असाल तर आपल्या देशाचीच फ्रीक्वेन्सी हवी: युरोपात ८६८, अमेरिकेत ९०८, भारतात ८६५ मेगाहर्ट्‌झच्या आसपास. परदेशातून आणलेला सेन्सर तुमच्या हबशी बोलणारच नाही. मॅटर या वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकत्र चालवणाऱ्या मानकाची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. मॅटरची उपकरणं घरातल्या घरात चालतात हा मोठा फायदा. पण थ्रेडवरच्या मॅटर सेन्सरला बॉर्डर राउटर (थ्रेडला घरच्या नेटवर्कशी जोडणारं उपकरण) लागतो, राउटरमध्ये आयपीव्ही ६ (नेटवर्क पत्त्यांची नवी पद्धत) बंद ठेवून चालत नाही, आणि रेडिओ तोच २.४ चा असल्यामुळे जागेच्या आणि गोंगाटाच्या अडचणी तशाच राहतात. दहा एकदम घेऊ नका. एक घ्या, घरातल्या सगळ्यात अवघड कोपऱ्यात महिनाभर चालवा, मग बाकीचे.

इथे थांबा

सेलवर चालणाऱ्या कशालाही तुम्ही हात लावू शकता. स्विचबोर्ड उघडायची वेळ आली की थांबा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा. स्विचमागचं स्मार्ट मॉड्यूल गरम लागतंय, गुणगुणतंय, जळका वास येतोय, एमसीबी पडतोय, किंवा बोर्डात न्यूट्रलच नाही आणि मॉड्यूलला तो हवा आहे, यातलं काहीही असेल तर ते सिग्नलचं दुखणं नाही. स्मार्ट प्लग काळवंडला असेल तर त्या सर्किटचा एमसीबी बंद करा आणि मगच प्लग काढा. तो पुन्हा वापरू नका.

धूर आणि कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत सेन्सर ‘पुन्हा ऑनलाइन आला’ एवढ्यावर समाधान मानू नका. तिथे स्वतःचा भोंगा असलेला, नेटवर्क नसतानाही वाजणारा, प्रमाणित अलार्मच हवा. युरोपीय मानकांत धुरासाठी ईएन १४६०४ आणि कार्बन मोनॉक्साइडसाठी ईएन ५०२९१ हे क्रमांक बघायचे असतात. त्यावरची बदलण्याची तारीख उलटली असेल तर तो दुरुस्त करत बसू नका, नवा लावा. स्मार्ट सेन्सर त्याच्या जोडीला असावा, त्याच्या जागी नसावा. घरात एकट्या राहणाऱ्या आजारी माणसाच्या देखरेखीसाठीही अशा स्वस्त जोडण्यांवर विसंबू नका, त्यासाठी जबाबदारी घेणारी सेवाच लावा.

इलेक्ट्रिशियन येण्याआधी मॉड्यूलचं मॉडेल, त्यावर लिहिलेला कमाल ॲम्पिअरचा आकडा आणि त्यावर कोणतं उपकरण चालतं एवढं लिहून ठेवा. १० ॲम्पिअरच्या मॉड्यूलवर गीझर जोडलेला असेल तर दोष त्याला पहिल्याच मिनिटात सापडेल.